जुना हौद: स्वतः लिंपावा की गवंडी बोलवावा?

मळ्यातला जनावरांचा हौद गळायला लागला तेव्हा मीबी म्हणलं, गवंड्याची हजेरी कशाला? शेवाळावरच सिमेंट फासलं. ते धरतंय होय! पंधरा दिवसांत पापुद्रे निघाले. त्यात धाराशिवचा उन्हाळा, बोअर तासभरच चालतंय, अन् रात्री भरलेला हौद सकाळी अर्धा.

माझं मत सांगतो. शेवाळ खरवडणं, जुना पोपडा काढणं, टाचे मारणं घरीच करा, तिथं मजुरी वाचते. पण एकास तीनचा गिलावा, कोपऱ्यांची गोलाई अन् घोटाई गवंड्याच्याच हातची. पुढं किमान सात दिवस पाणी मारणं आपल्याकडं. त्यासाठी गवंडी थांबत नसतो. तोवर जनावरांना पिंपातून पाणी दाखवायचं.