क्रमांक राष्ट्राचा, पैसा दलालाचा
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अध्यक्षांस खुले पत्र

अध्यक्ष महोदय,

दूरध्वनीचा क्रमांक ना कंपनीच्या मालकीचा असतो ना ग्राहकाच्या; तो मर्यादित अशा राष्ट्रीय साधनसंपत्तीचा अंश असून शासन तो कंपन्यांस आणि कंपन्या तो आम्हांस केवळ वापरासाठी देतात, हा सिद्धांत आपल्यापुढे नव्याने मांडण्याचे प्रयोजन नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, जी वस्तू कोणाच्याच मालकीची नाही ती पंचेचाळीस हजार रुपयांस विकण्याचा अधिकार मोबाइलच्या एका दलालास कोणी दिला?

माझ्या थोरल्या वहिनी पाटण तालुक्यातील एका उपकेंद्रावर परिचारिका होत्या. त्या सेवानिवृत्त झाल्या तरी कोयनेकाठच्या वाड्यावस्त्यांवरील माणसे अडल्यानडल्या वेळी त्यांनाच फोन करीत, कारण त्यांच्या क्रमांकाच्या अखेरीस चार शून्ये होती आणि ज्यांना अक्षरओळख नाही अशा म्हाताऱ्या सासवांनाही तो मुखोद्गत होता. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला तो क्रमांक मी स्वतः कितीतरी घरांत पाहिला आहे. वहिनींवर हृदयाची शस्त्रक्रिया झाली, त्या दीर्घ आजारपणात रिचार्जची मुदत उलटली, जोडणी बंद पडली, आणि माझा पुतण्या कंपनीच्या गॅलरीत चौकशीस गेला तेव्हा क्रमांक रद्द होऊन दुसऱ्याच्या नावे गेला असल्याचे त्याला काउंटरवरून सांगण्यात आले. तो 'दुसरा' कोण, याचा उलगडा पुढे काही महिन्यांनी झाला. आकर्षक क्रमांक विकणाऱ्या एका दलालाची यादी व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत पुतण्यापर्यंत आली. तीत 'पेंटा', 'हेक्सा', 'मिरर', '७८६ एंडिंग' अशा सदरांखाली शेकडो क्रमांक मांडलेले होते आणि 'टेट्रा' या सदरात वहिनींचा क्रमांक होता, त्याच्यापुढे अंकज्योतिषवाल्या गिऱ्हाइकांसाठी अंकांची बेरीज, त्यापुढे 'आरटीपी', म्हणजे पोर्ट करण्यास सिद्ध, अशी नोंद, आणि शेवटी किंमत: ४५,००० रुपये.

मी त्या दलालास दूरध्वनी केला आणि क्रमांकाची सर्व हकीकत सांगितली. "काका, नंबर गेला तो गेला. घ्यायचा असेल तर बोला, पैसे टाकले की लगेच कोड पाठवतो," असे तो म्हणाला. पावती मिळेल काय, असे विचारता त्याने "नंबरची कसली पावती?" एवढे बोलून फोन ठेवला.

महोदय, या व्यवहाराची सारी यंत्रसामग्री आपल्याच विनियमांतून उभी राहिली आहे, आणि म्हणूनच हे पत्र पोलिसांस न लिहिता आपणांस लिहिले आहे. रद्द झालेला क्रमांक निदान ९० दिवस कोणास देत नाहीत, असे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगण्यात आले; ते ९० दिवस सरले की दलाल तो क्रमांक कोणाच्या तरी नावे चालू करून घेतो; कंपनी बदलण्यास पात्र होण्यासाठी जोडणी ९० दिवस जुनी असावी लागते, म्हणून तेवढा काळ तो वाट पाहतो; मग १९०० या क्रमांकावर एक लघुसंदेश धाडून आठ अक्षरी कोड मिळवतो, आणि तो कोड चार दिवस ग्राह्य असल्याने त्या चार दिवसांत त्याचा सौदा पुरा होतो. कंपनी बदलण्याच्या या प्रक्रियेचे शुल्क ६ रुपये ४६ पैसे आहे. सहा रुपये सेहेचाळीस पैशांची ही सोय ज्याच्या नावे जोडणी आहे त्याला क्रमांक न सोडता कंपनी बदलता यावी म्हणून २००९ च्या विनियमांनी निर्माण केली आणि २० जानेवारी २०११ पासून ती सर्व देशास उपलब्ध झाली. तिचा उपयोग एकाच्या नावचा क्रमांक दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी व्हावा, हा त्या विनियमांचा हेतू नव्हता, आणि मालकीबदलाचा अर्ज प्रलंबित असता पोर्टिंग नाकारण्याची तरतूद त्यांतच आहे. तरीही कोड हाती असलेला माणूस नव्या कंपनीत जाऊन स्वतःच्या आधार कार्डावर तो क्रमांक घेतो आणि आधीचा धारक कोण होता हे त्याला तेथे कोणी विचारीत नाही.

आता त्या यादीतील शेकडो क्रमांकांचा हिशेब मांडून पाहा. एका व्यक्तीच्या नावे सर्वसाधारणतः ९ पेक्षा अधिक जोडण्या असू नयेत असा दूरसंचार विभागाचा दंडक आहे. मग पोर्ट होईपर्यंत हे शेकडो क्रमांक कोणाकोणाच्या कागदपत्रांवर निद्रिस्त ठेवले जातात? ज्यांची कागदपत्रे वापरली त्यांना त्याची वार्ता तरी आहे काय? लबाडीने, फसवणुकीने वा तोतयेगिरीने सिम मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, ही शिक्षा २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात लिहिली आहे. पण तो अधिनियम या बाजाराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबला आहे, आणि दलाल आपल्या याद्या उघडपणे, छायाचित्रासह, दररोज प्रसृत करीत आहेत.

आपणांस हा विषय अज्ञात नाही. ६ जून २०२४ रोजी क्रमांकन योजनेच्या फेरविचारासाठी आपण जो परामर्श-लेख प्रसृत केला, त्यात वापराविना पडून असलेल्या सुमारे २१ कोटी ९१ लाख मोबाइल क्रमांकांचा उल्लेख होता, क्रमांकांवर शुल्क असावे काय हा प्रश्न होता, आणि आकर्षक क्रमांकांचा मध्यवर्ती लिलाव करण्याचा पर्यायही होता. वर्तमानपत्रांत ओरड झाली की ग्राहकांवर सिममागे कर बसणार. आपण आठवड्याभरात तातडीने खुलासा काढलात. आणि फेब्रुवारी २०२५ च्या शिफारशींत क्रमांकांवर कोणतेही शुल्क नको, असा निष्कर्ष दिलात. सामान्य ग्राहकाच्या सामान्य क्रमांकावर शुल्क नको, हे मलाही मान्य आहे. पण त्या एका निर्णयासरशी आकर्षक क्रमांकांचा प्रश्नही आपण दप्तरबंद केलात, आणि जे मूल्य शासनाने घेऊ नये असे आपण ठरवले ते मूल्य आज दलाल घेत आहे, पावतीशिवाय, कराशिवाय आणि नोंदीशिवाय.

असा बाजार उघड्यावर आणता येत नाही, हे म्हणणे मी मुळीच मान्य करणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात परिवहन खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये चारचाकीच्या ०००१ या क्रमांकाचे शुल्क ३ लाखांवरून ५ लाखांवर आणि मुंबई-पुण्यासारख्या अधिक मागणीच्या ठिकाणी ४ लाखांवरून ६ लाखांवर नेले. एकाच क्रमांकास अनेक अर्जदार असले तर बंद लिफाफ्यातून अधिकाची बोली घेतली जाते आणि सारी रक्कम सरकारजमा होते. गाडीवरच्या पाटीचा मान राखण्यासाठी एवढी तजवीज होऊ शकते; मग ज्या क्रमांकावर माणसाचे निवृत्तिवेतन, बँकेचे खाते आणि शेजाऱ्याचा जीव अवलंबून असतो, त्याच्यासाठी ती का होऊ नये? सरकारी मालकीचे भारत संचार निगम तर आपले पसंतीचे क्रमांक संगणकीय लिलावानेच विकते. बाहेर पाहायचे तर चीनमध्ये ऑगस्ट २००३ मध्ये सिचुआन एअरलाइन्सने आठ वेळा आठ असा क्रमांक २३ लाख ३० हजार युआनला घेतला, आणि कतारमध्ये २००६ साली सात वेळा सहा हा क्रमांक धर्मादाय लिलावात एक कोटी रियालला गेला. दोन्ही ठिकाणी किंमत जगजाहीर आहे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तर १९९७ सालीच शुल्कमुक्त क्रमांकांची साठेबाजी आणि दलाली या दोहोंस प्रतिबंध केला, आणि पुढे ८३३ या मालिकेतील मागणीचे सतरा हजारांवर क्रमांक स्वतः उघड लिलावास काढले. यांतील कोणताही मार्ग आपण पत्करला असता तरी वहिनींचा क्रमांक कोणाच्या हाती आणि केवढ्यास गेला, याची नोंद कोठेतरी सापडली असती.

सुलभ क्रमांकाचे मूल्य निर्माण कोण करतो, याचा विचार आपल्या लेखांत मला कोठे आढळला नाही. चार शून्यांत उपजत मोल फार थोडे आहे. ते मोल वर्षानुवर्षे लोकांच्या स्मरणातून साचत जाते. शहरातील माणसाच्या यंत्रात हजार नावे साठविलेली असतात, त्याला क्रमांक सोपा असला काय आणि अवघड असला काय, सारखेच. पण जिचा फोन मुलाच्या खिशात गावाबाहेर गेलेला असतो आणि जिला शेजारच्या दुकानातून कोणास तरी बोलवावयाचे असते, त्या बाईला पाठ असलेला एक क्रमांक हाच काय तो आधार असतो. म्हणून असे क्रमांक प्रथम उपकेंद्रे, रुग्णवाहिका, अग्निशमन आणि सर्पदंशावर उपचार करणारी ग्रामीण रुग्णालये यांच्याकडे जावयास हवेत. आज ते बांधकाम व्यावसायिकाच्या मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून जात आहेत. त्या वाडीतील बाई आज तो क्रमांक फिरवील तर पलीकडे कोण बोलेल, आपण कल्पना करा. आणि वहिनींच्या पेन्शनच्या खात्याचे सांकेतिक अंक बँकेत क्रमांक बदलून होईपर्यंत कोणाच्या पडद्यावर उमटत असतील, याचीही करा.

आमची दाद कोठवर गेली तेही लिहितो. आपले प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही विहित मार्गानेच गेलो: प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र, नंतर अपील. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावयाचा असतो. तो त्या मुदतीच्या अगदी अखेरीस एका वाक्यात आला, की क्रमांक नियमानुसार रद्द झाला असून आता काही करता येत नाही. खात्यात २० रुपये शिल्लक असता केवळ वापर नाही म्हणून पूर्वभरणा जोडणी रद्द करू नये, हा आपला २०१३ चा नियम आम्ही अर्जात नमूद केला होता आणि वहिनींच्या खात्यात तेवढी शिल्लक होती; त्याविषयी निकालात अवाक्षर नाही. वापर नसणे आणि योजनेची मुदत संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे तोंडी समजावण्यात आले. या भेदातून कंपनीस पळवाट मिळते आणि ती पळवाट बुजविण्याचा अधिकार आपल्याखेरीज कोणास नाही.

सिम बदलल्यानंतर सात दिवस पोर्टिंग होऊ नये, अशी दुरुस्ती आपण १ जुलै २०२४ पासून अमलात आणली, कारण फसवणूक आपल्या नजरेस आली होती. त्याच विनियमात आणखी एक कलम घाला: जुन्या आणि नव्या कंपनीकडील धारकाचे नाव व ओळख जुळल्यावाचून पोर्टिंग पुरे होऊ नये. वारसाहक्काने वा कुटुंबात क्रमांक देण्याचा स्वतंत्र, लेखी, नोंदलेला मार्ग ठेवा. ज्याचा क्रमांक आजारपणामुळे वा परगावी असल्यामुळे रद्द झाला, त्यास वर्षभर ठरावीक अल्प शुल्कावर तो परत मागण्याचा पहिला हक्क द्या आणि तोवर त्याचे पुनर्वाटप थांबवा. उरलेल्या आकर्षक क्रमांकांपैकी सार्वजनिक सेवांना लागतील तेवढे राखून बाकीचे उघड लिलावाने द्या आणि ती रक्कम डिजिटल भारत निधीत भरा, म्हणजे निदान कोयनेच्या खोऱ्यातील ज्या वाड्यांत अजून मनोरा पोहोचलेला नाही तेथे तो उभा राहील.

वहिनींचा क्रमांक हे लिहितेवेळी अद्याप त्या यादीत आहे. तो विकला जाण्यापूर्वी आपले प्राधिकरण यावर काय करणार आहे, ते मला लेखी कळवावे.

आपला,
एक दूरध्वनीधारक
सातारा