चेहरा नको, कागद पाठवा

ॲम्ब्युलन्समध्ये कॅमेरा बसवायचा, मोठ्या हॉस्पिटलातला तज्ज्ञ स्क्रीनवर येणार, आणि पेशंट पोचायच्या आतच उपचार सुरू! ही कल्पना ऐकली की सगळे खूष होतात. आमचा पुण्याचा मामेभाऊ तर फारच (तो इथे येऊन गुपचूप वाचून जातो, म्हणून मुद्दाम लिहितोय). माझा टेलिमेडिसिनला विरोध नाही. माझं भांडण त्या कॅमेऱ्याशी आहे.

आमच्या अंबडमध्ये एका बाजूला एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला मुंबई-आग्रा रस्ता. हात सापडणं, गाडी ठोकणं नेहमीचंच. पण माणसं जातात ती बऱ्याचदा गाजावाजा न करता, छातीत दुखून. शेजारचे एक काका फोर्जिंगच्या कारखान्यात होते. रात्रपाळीत पहाटे छातीत कळ आली. आधी ॲसिडिटी म्हणून सोडा झाला. मग कंपनीच्या जीपमधून जवळच्या हॉस्पिटलात. तिथे ईसीजी निघाला, "आमच्याकडे सोय नाही, पुढे न्या" झालं. पुढच्या ठिकाणी कॅथलॅब होती, पण ती चालवणाऱ्या मंडळींना घरून बोलवावं लागलं, आणि दरम्यान डिपॉझिटचं बघायला काकूंना काउंटरवर उभं केलं. दोन तासांच्या वर गेले. काका वाचले, पण हृदयाचा बराच भाग कायमचा गेला. भट्टीसमोर उभं राहणारा माणूस आता दोन जिने चढला की मध्येच बसतो. धाकटीचं इंजिनिअरिंग तेव्हा दुसऱ्या वर्षाला होतं.

आता सांगा, यात कॅमेऱ्याने काय केलं असतं? तज्ज्ञाला काकांचा घामेजलेला चेहरा दिसला असता, एवढंच. त्याला हवा असतो तो ईसीजीचा कागद. तो फोनवरून फोटो काढूनही जातो, घाटात रेंजची एखादीच कांडी असली तरी सरकत सरकत जातो. व्हिडिओ तिथे अडकतो. आणि ही काही नवलाई नाही बरं का. आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाने १९०५ साली टेलिफोनच्या तारेवरून हॉस्पिटलातल्या पेशंटचा ईसीजी सुमारे दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता!

कागद वेळेत पोचला तर दोन गोष्टी होतात. एक, गाडी चुकीच्या दारात जात नाही. दोन, ज्या दारात जाणार तिथली माणसं आधीच उठून तयार राहतात. अँजिओप्लास्टी वेळेत होणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वाटेतच देता येतं, आणि त्याचा खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. शेजारच्या गोव्यात 'स्टेमी गोवा' योजनेत साधारण हेच केलं. लहान सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा, तो दुरून वाचून घ्यायचा, इंजेक्शन तिथेच द्यायचं, मग पेशंट बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात. अर्धांगवायूचं वेगळं. तिथे आधी सीटी स्कॅन लागतो, त्यामुळे गाडीत इंजेक्शन नाही. पण रात्री सीटी चालू असलेलं हॉस्पिटल कुठलं, हे फोनवर कळलं तरी खूप झालं.

आपल्याकडे १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन, आणि गाडीत डॉक्टर ठेवले. ते बहुतेक आयुर्वेद शिकलेले तरुण. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याला विचारलं, तरी पेशंटची जबाबदारी विचारणाऱ्याचीच राहते. पहाटे चार वाजता, हलत्या गाडीत, त्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. देईल तो इंजेक्शन? मी नसतं दिलं. सरळ "पुढे न्या" म्हटलं असतं. म्हणून मला वाटतं, दुरून कागद वाचणाऱ्यानेच लेखी आदेश द्यावा, हॉस्पिटलचं नाव त्यानेच सांगावं, आणि त्या हॉस्पिटलाला डिपॉझिटसाठी पेशंट थांबवता येऊ नये. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कारण ते सॉफ्टवेअरने होत नाही. (भाऊराया, वाचतोयस ना?)

आणि हो, काकांसाठी १०८ ला फोन कुणी केलाच नव्हता. जीप दारात उभी होती ना!

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात सध्या कामांचा धडाका आहे. त्यात ॲम्ब्युलन्समधले कॅमेरे आलेच, तर बघून येणाऱ्या पाहुण्यांना बरं वाटेल. मला मात्र एक साधा तक्ता हवाय: शहरातली कुठली कॅथलॅब कुठल्या रात्री खरोखर चालू आहे, आणि तिथला फोन कोण उचलतं. तो १०८ च्या टेबलावर हवा, आणि अंबडच्या प्रत्येक कारखान्याच्या गेटवर वॉचमनपाशीही.