सांगाडा पाहून कारव्हॅन घ्यावी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या काही कुटुंबांना मोटारीमागे जोडून न्यावयाची कारव्हॅन सोयीची वाटते. स्वयंपाकघर बरोबरच असल्याने कंदमूळ वर्ज्य असलेले आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन प्रवासातही सांभाळता येते. परंतु खरेदीच्या वेळी दृष्टी गाद्या, पडदे व चकचकीत ओटा यांवरच खिळते. वाहनाचे आयुष्य मात्र भिंतींच्या आत ठरत असते.

जुन्या कारव्हॅनचा सांगाडा बहुधा लाकडी असून त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. सांधे, खिडक्या आणि छतावरील झरोके यांभोवतीचे सीलंट कालांतराने कडक होऊन तडकते. आत झिरपलेले पाणी लाकूड कुजवते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून कोपरे व खिडक्यांखालचा भाग ओलावामापकाने तपासून घ्यावा. ओलावा 15 टक्क्यांपर्यंत असल्यास सामान्यतः चिंता नसते. 20 टक्क्यांच्या वर गेल्यास दुरुस्तीचा अंदाज घेतल्यावाचून सौदा करू नये. तळ पायाखाली दबत असल्यास त्याचे चिकटवलेले थर सुटू लागले असण्याची शक्यता असते. वार्षिक तपासणीच्या नोंदी मागाव्यात. नव्या कारव्हॅनला ओलीविरुद्ध हमी किती वर्षांची आहे आणि एखादी तपासणी चुकल्यास ती टिकते का, हे लेखी घ्यावे.

ओलीतून बुरशी येते. आपण तिला अनंतकाय मानतो. तिची उत्पत्तीच टाळणे ही खरी जयणा होय. तारणावर कर्ज देताना बँक ते तारण आधी पाहते. आपणही सांगाडा तपासल्यावाचून विसार देऊ नये.