बेवारस पुस्तकांना कायद्याचे कुलूप

गोमंतक मुक्त झाल्यापासून १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापर्यंत विलीनीकरणाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी केवढे लिहिले गेले! ती पत्रके, त्या पुस्तिका आज कोठे आहेत? डिचोली तालुक्यातील सर्वणसारख्या गावी असल्याच, तर एखाद्या माळ्यावर, पावसाळी ओलीत व वाळवीच्या तोंडी. त्यांची छायाचित्रे घेऊन संगणकावर ठेवणे आज सहजसाध्य आहे. पण तेथेच १९५७ चा कॉपीराइटचा कायदा आडवा येतो.

निनावी लेखनाची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षे. म्हणजे कौलाच्या वेळची निनावी पत्रके २०२७ अखेर मोकळी होतील. ज्यांनी धैर्याने खाली सही केली, त्यांचे लेखन मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे बंद! ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपत होता, म्हणून १९९२ साली ती साऱ्या देशासाठी वाढविण्यात आली. विश्वभारतीची सोय झाली. मराठी पुस्तिकांच्या वारसांस त्यातून काय मिळाले?

हयात लेखकाच्या पोटावर पाय आणावा, असे आम्ही म्हणत नाही. नव्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फुकट वाटणारा साहित्यप्रेमी नव्हे, चोर होय. आमचा प्रश्न आहे तो प्रकाशक बुडालेल्या, वारस न सापडणाऱ्या पुस्तकांचा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी वाट ठेवली खरी; पण ती कशी? आधी देशभर खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी, मग न्यायालयात परवान्यासाठी अर्ज करावा. मराठी पुस्तिकेचा मराठी वारस इंग्रजी पत्रात शोधावयाचा! मराठी पत्रात जाहिरात लागते ती मराठीत भाषांतर करावयाचे असेल तरच. परक्या भाषेतील नोटिसा घेण्याची सीमाभागाला सवय आहे, एवढेच म्हणतो.

त्याच दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयास जवळच्या पुस्तकाची प्रत संगणकात साठविण्याची मुभा दिली, पण केवळ जतनासाठी. सर्वणच्या वाचकास ती घरबसल्या फोनवर दाखविण्याची मुभा त्यात नाही.

आमची मागणी साधी आहे. बाजारात न मिळणाऱ्या अशा पुस्तकाविषयी ग्रंथालयाने त्याच भाषेच्या स्थानिक पत्रात सूचना द्यावी, सहा महिने थांबावे आणि मग ते वाचकांस खुले करावे. वारस पुढे आल्यास त्यास रास्त मोबदला मिळावा. गोव्याच्या व महाराष्ट्राच्या खासदारांनी, पक्ष बाजूस ठेवून, एवढी दुरुस्ती संसदेत मांडावी.