सरासरीच्या पलीकडचा माणूस

गरीब देशाच्या तिजोरीतील प्रत्येक रुपया मोलाचा असतो. तो कोणत्या लसीवर, औषधावर वा उपचारावर खर्च करावा, याचा हिशेब मांडणे हे शासनाचे कर्तव्यच ठरते. भारतात २०१७ साली आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली, ती याच हेतूने. किती खर्चात किती निरोगी आयुष्य लाभते, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न. प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. ते आयुष्य कोणाच्या वाट्याला येते, हे तो विचारीत नाही.

सरासरीचा हिशेब दुर्गमतेला शिक्षा देतो. पुण्यातील बालकाला लस टोचणे स्वस्त. पावसाळ्यात पुराने संपर्क तुटणाऱ्या भामरागडच्या पाड्यावर तीच लस थंड राखून पोहोचविणे महाग. केवळ दरडोई खर्च पाहिला, तर शहरातच थांबणे शहाणपणाचे, असे कागद सांगेल. शिवाय सरकारी खर्चाच्या रकान्यात रुग्णाची बुडालेली मजुरी, प्रवासभाडे आणि उपचारासाठी काढलेले कर्ज दिसत नाही. भार गरीब सोसतो आणि योजना मात्र काटकसरीची ठरते.

या हिशेबाला गडचिरोलीनेच उत्तर दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघरी काळजी घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. खर्च आला बालकामागे सुमारे ५ डॉलर. २०११ मध्ये शासनाने ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभरासाठी स्वीकारली. सेवा दारापर्यंत नेली, तेव्हा महाग वाटणारे खेडे स्वस्त ठरले.

अर्थात, प्रत्येक वेळी न्याय आणि काटकसर यांचा असा मेळ बसेलच असे नाही. कधी शेवटच्या माणसापर्यंत जाण्यासाठी एकूण लाभाचा काही अंश सोडावा लागेल. तो किती सोडायचा, हा निर्णय तज्ज्ञांच्या आकडेमोडीत दडलेला नसावा. प्रत्येक मूल्यमापनात उत्पन्नगट, प्रदेश आणि स्त्री-पुरुष यांनुसार लाभ व भार यांचा स्वतंत्र तपशील असावा आणि लोकप्रतिनिधींनी तो पाहून उघडपणे निवड करावी. तिजोरी लहान असेल, तर तिचे वाटप अधिकच डोळसपणे व्हायला हवे. सरासरी सुधारली म्हणून पाड्यावरचे मूल वाचत नाही.