जुन्या गाडीचा नवा दरवाजा

जुन्या मोटारीवर कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय तंत्रनिकेतनाच्या अंकात अधिक शोभला असता, असेही कुणी म्हणेल. परंतु गेले वर्षभर आमच्या घरात ज्या प्रश्नावरून वादावादी झाली आणि ताटातले अन्न निवत राहिले, तो प्रश्न काही केवळ पान्हे-पकडींचा नव्हता. जुनी वस्तू दुरुस्त करताना तिचा कुजलेला भाग काढून नवा बसवला, तर ती वस्तू जुनीच राहते काय? राहत असेल, तर किती भाग बदलेपर्यंत? तत्त्वज्ञानाच्या तासाला हा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला होता. त्याचे उत्तर मात्र मला नाना पेठेत, एका डेंटिंगवाल्या मिस्त्रींच्या शेडमध्ये, तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर उकिडवे बसून शोधावे लागले.

माझ्या मामांकडे 1975 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आजच्या पिढीने ही गाडी बहुधा मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणूनच पाहिली असेल, तीही आता पाहायला मिळत नाही. 2023 सालच्या ऑक्टोबर महिन्यात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ती रस्त्यावरून गेली. ही गाडी तयार होई ती मुंबईत कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तेथे तयार होऊ लागल्या. त्यांपैकी उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांच्या गाडीला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. 1964 पासून 1100 डिलाइट हे मॉडेल आले आणि 1974 साली तिचेच नामकरण ‘पद्मिनी’ असे झाले. हे शतक उजाडताना तिचे उत्पादन थांबले. गाडी बंद झाली म्हणजे तिचे सुटे भागही बंद झाले. आमच्या गोष्टीची सुरुवात येथूनच होते.

मामी गेल्यानंतर मामांनी गाडी फारशी काढली नाही. सदाशिव पेठेत त्यांच्या वाड्याच्या जागी जी इमारत झाली, तिच्या पार्किंगच्या टोकाला ती ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्री गाडीचे रक्षण करते, असा आमचा समज. वस्तुतः ती ओल कोंडून धरते. मोटारीचा दरवाजा गंजतो तो आतून. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरते आणि ते वाहून जावे म्हणून तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. धूळ आणि वाळलेली पाने साचून ती भोके बुजली, की पाणी आतच राहते. वरून रंग झकास दिसत असतो. एक दिवस बोट टेकवावे, तर ते पत्र्याच्या आरपार जाते. मामांचे बोट असे दोन दारांतून आरपार गेले. एक उजवे मागचे दार आणि दुसरे डावे पुढचे. डावे पुढचे म्हणजे मामींचे. पंचवीस वर्षे त्या त्याच बाजूला बसत.

गाडी दुरुस्त करायचे ठरले आणि घरात तीन पक्ष झाले. पहिला पक्ष माझ्या मामेभावाचा. त्याचे म्हणणे, बाजारातून नवे कोरे पत्रे आणावेत, सगळी दारे बदलावीत आणि गाडी आरशासारखी चकचकीत करावी. दुसरा पक्ष माझ्या आईचा. तिचे म्हणणे, भंगारात गेलेल्या एखाद्या पद्मिनीची सबंध दारे काढून लावावीत, निदान ती त्याच कारखान्यातली तरी असतील. तिसरा पक्ष एकट्या मामांचा. त्यांना काहीच बदलायचे नव्हते. ‘‘माझे गुडघे दुखतात म्हणून कुणी नवा मामा आणत नाही ना?’’ असे ते म्हणत. आईचे उत्तर तयार असे, ‘‘दादा, गुडघे बदलतात हल्ली!’’

प्रथम विजय झाला तो मामेभावाच्या पक्षाचा. एका गॅरेजवाल्याने उजव्या मागच्या बाजूला नवे दार आणले, गाडीपासून दूर, स्टँडवर टांगून त्याला सुंदर रंग दिला आणि मग ते बसवायला घेतले. ते बसेना! वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट आणि खालच्या बाजूला पत्र्यावर पत्रा घासतो आहे, असा प्रकार. मग हातोडी आली. हातोडीबरोबर रंगाला तडे आले, तड्यांवर पुट्टी आली आणि पुट्टीवर पुन्हा रंग. दोन महिन्यांत तो पापडासारखा सुटला. मामांनी गाडी तेथून उचलली आणि ती नाना पेठेतल्या मिस्त्रींकडे आली.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी गाडीला हातही लावला नाही. फक्त एकेक दार अर्धे उघडून खालून वर उचलून पाहिले. दार हातात हलले, म्हणजे बिजागरीची पिन झिजली आहे. बिजागरी झिजलेली असताना दाराला दोष देणे म्हणजे चश्म्याचा नंबर वाढला म्हणून पुस्तकाच्या छपाईला नावे ठेवण्यासारखे आहे. मग ते मला म्हणाले, ‘‘ताई, दार गाडीला बसवायचं असतं. गाडी दाराला नाही. रंग सगळ्यात शेवटी.’’

त्यानंतर मी जे पाहिले, ते थोडक्यात सांगते. जुन्या ट्रकला किंवा जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो, तसा पद्मिनीला नाही. तळ, दाराखालची पट्टी, खांब आणि छप्पर एकमेकांना वेल्डिंगने जोडलेले असतात आणि सगळे मिळून भार उचलतात. म्हणून दाराखालची पट्टी कुजली की सगळी गाडीच मध्ये किंचित वाकते आणि मग कोणतेही दार, जुने असो वा नवे, नीट लागत नाही. मिस्त्रींनी आधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडव्या पट्ट्या ठोकून ती जखडली, मगच खालचा कुजका भाग कापला. दोन्ही बाजू एकदम कापल्या नाहीत. एक बाजू पुरी झाल्यावर दुसरी. वेल्डिंगही सलग ओढले नाही. येथे एक टाका, मग वीतभर सोडून दुसरा, मध्ये पत्रा गार होऊ द्यायचा. सलग उष्णता दिली तर पातळ पत्रा लाटेसारखा उठतो. नंतर गाडी जॅकवरून उतरवून तिच्या स्वतःच्या चाकांवर उभी केली, चौकटीला रबराचे बीडिंग लावले आणि मग दार टांगले. बीडिंग आधी का, असे मी विचारले. कारण रबर दाराला बाहेर ढकलते. त्याच्याशिवाय मापात बसलेले दार रबर लावल्यावर फुगून बसते. दार लावायचे, फट पाहायची, काढायचे, कड ठोकायची, पुन्हा लावायचे. एका दाराचे असे किती वेळा झाले, ते मोजायचे मी सोडून दिले.

उजव्या मागच्या बाजूसाठी मिस्त्रींनी भंगारातले दार मिळवले. त्यावरचा रंग खरवडला, तर खाली काळा. म्हणजे ते दार टॅक्सीचे होते. मामींच्या दाराला मात्र त्यांनी वेगळा न्याय लावला. ते म्हणाले, याचा वरचा दोन-तृतीयांश भाग धड आहे, खालची वीतभर पट्टी तेवढी गेली आहे, ती कापून तेवढाच पत्रा घालू. पत्रा त्यांनी हाताने घडवला. एका बाजूला डॉली धरून दुसरीकडून हलकी हातोडी. मूळ दाराचा बाक त्या पत्र्यात उतरेपर्यंत दोन दिवस गेले. आतला हात टेकण्याचा भाग, काच वर-खाली करण्याचे हँडल, तिकोनी काच, सगळे तेच राहिले.

येथे माझे मत मांडायला हवे. ‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात भदंत नागसेन मिलिंद राजाला विचारतात, की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक प्रश्नाला राजा ‘नाही’ म्हणतो. सगळे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले, की त्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो, असा त्याचा निष्कर्ष. ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या रूपाने येतो. अथेन्सच्या लोकांनी त्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि मग ते जहाज तेच की दुसरे, यावर विचारवंत वाद घालू लागले. वर्गात मला हे दोन्ही दाखले शब्दांचे खेळ वाटले होते. शेडमध्ये बसल्यावर कळले, की सगळे मर्म ‘जुळणी’ या शब्दात आहे. नवा भाग जुन्याशी जुळवून घेतो, तोवर वस्तू जुनी राहते. नव्या भागासाठी जुन्यालाच ठोकून वाकवावे लागले, की तिची ओळख गेली. आमच्या पहिल्या चकचकीत दाराने नेमके तेच केले होते.

यावर कुणी म्हणेल, की मग जुळवून घेत घेत सगळीच गाडी बदलायला हरकत काय? माझ्या मते हरकत आहे आणि ती दोन कारणांसाठी. एक तर जो भाग दुरुस्त होऊ शकतो, तो फेकणे हा आळस आहे, मग त्याला कितीही सफाईचे नाव द्या. दुसरे म्हणजे भंगारातले प्रत्येक दार कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचे असते. पद्मिनी आता नव्याने जन्मणार नाही. आपली एक गाडी सजवण्यासाठी दुसऱ्या चांगल्या गाडीची चारही दारे काढणाऱ्याला मी जतन करणारा म्हणणार नाही. तेव्हा आधी दुरुस्ती, नाहीच जमली तर बदल आणि तोही लागेल तेवढाच.

आणि जो बदल केला, तो लपवू नये. हा मुद्दा मी मुद्दाम मांडते, कारण त्यावरूनच मामांचे आणि माझे एकदा चांगलेच वाजले. केंद्र सरकारने 2021 साली जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी, की तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात फार मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. मामांची गाडी 2025 साली पन्नाशीत पोहोचली आणि त्यांना या नोंदणीचा मोह पडला. ‘‘अगं, टॅक्सीचं दार कुणाला दिसतंय? रंग दिला की झालं!’’ असे ते म्हणाले. मी म्हटले, ‘‘मामा, दार लावणं हा गुन्हा नाही. पण ते मूळचंच आहे असं सांगणं खोटं आहे.’’ दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

नियमाचा हेतू चांगलाच आहे. जुन्या गाडीला नवे इंजिन आणि भलता आकार देऊन तिला ‘व्हिंटेज’ म्हणवणाऱ्यांना लगाम हवाच. परंतु गंजलेल्या पत्र्याच्या जागी त्याच मापाचा, त्याच आकाराचा पत्रा घालणे हा फेरफार नव्हे, ती शुश्रूषा होय. अशा गाडीबरोबर एक वही असावी. कोणता भाग केव्हा बदलला, तो कोठून आला आणि कोणी बसवला, याची नोंद तीत असावी आणि नोंदणीच्या वेळी तीच तपासावी, अशी माझी सूचना आहे. आपला विश्रामबागवाडा 1807 सालचा. 1879 साली आगीत त्याचा काही भाग जळाला आणि नंतर पुन्हा बांधला गेला. म्हणून तो वाडा खोटा ठरला काय? आगीची हकिकत आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो अधिक आपला वाटतो.

आमच्या पिढीला जुन्याचे दोनच प्रकार ठाऊक आहेत. एक भंगार आणि दुसरा फोटो काढण्यापुरती शोभेची वस्तू. यांच्यामध्ये तिसरी वाट आहे, ती वापरत, सांभाळत आणि डागडुजी करत नेण्याची. ती वाट ठाऊक असलेले हात नाना-भवानी पेठेत अजून आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला मात्र फारसे कुणी येत नाही, असे मिस्त्री म्हणाले. माझ्या मैत्रिणींनी आणि मित्रांनी एखादी दुपार तेथे घालवावी. अभ्यासक्रमाबाहेरचे बरेच काही कळेल.

असो. मामांनी नोंदणीचा अर्ज अजून केलेला नाही. वही मात्र केली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात दोन नोंदी आहेत : ‘उजवे मागचे दार, मुंबईच्या टॅक्सीचे. डावे पुढचे, मूळचे, खाली वीतभर पत्रा नवा.’ टॅक्सीच्या दाराची आतली कड त्यांनी रंगवू दिली नाही. ते दार उघडले, की ती कड काळी दिसते. परवा पर्वतीच्या रस्त्याला लागताना मामा मला म्हणाले, ‘‘तू पुढे बस.’’ मी मामींच्या जागेवर बसले आणि दार ओढून घेतले. ते एका ओढीत लागले.