‘तो माझ्या वर्गातला नव्हे’

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथील एखाद्या मोठ्या शाळेच्या जिन्यावर मधल्या सुटीत पाच मिनिटे उभे राहिले, तर आमच्या म्हणण्याची प्रचीती कोणासही येईल. दोन थोराड मुले एका लहानग्याचा डबा हिसकावीत असतात. जवळून शिक्षक जातात, क्षणभर पाहतात आणि पुढे होतात. त्यांस विचारावे, तर उत्तर तयार असते: ‘तो माझ्या वर्गातला नव्हे.’ हे गृहस्थ दुष्ट नव्हेत, आळशीही नव्हेत. स्वतःच्या वर्गात ते कदाचित उत्तम शिकवीत असतील. परंतु शाळा म्हणजे वीस-पंचवीस वर्गांची चाळ अशी समजूत एकदा रूढ झाली, म्हणजे जिना, पटांगण आणि पाण्याचे नळ ही कोणाचीच उरत नाहीत. आणि दांडगाई नेमकी तेथेच माजते.

विद्येच्या बाबतीतही हाच न्याय चालू आहे. सातवीतील मुलास मराठी परिच्छेद धड वाचता येत नाही, म्हणून गणितातील शाब्दिक उदाहरण त्यास उमगत नाही. गणिताचे शिक्षक म्हणतात, वाचन शिकविणे हे भाषेच्या शिक्षकांचे काम. भाषेचे शिक्षक प्राथमिक शाखेकडे बोट दाखवितात. प्राथमिक शाखा घराकडे. आणि घर त्यास खाजगी क्लासात धाडून मोकळे होते. आमच्या व्यापारी वाचकांनी आपल्या पेढीचा विचार करावा. दारी आलेल्या गिऱ्हाइकास प्रत्येक गुमास्ता ‘ते माझे खाते नव्हे’ म्हणून पुढच्याकडे पिटाळू लागला, तर ती पेढी किती दिवस चालेल? शाळेचे गिऱ्हाईक मात्र दहा वर्षे निमूटपणे येत राहते, एवढाच काय तो भेद.

कायद्याकडे पाहावे, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत: वेळेवर हजर राहावे, अभ्यासक्रम पुरा करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून जरूर तेथे जादा शिकवावे, पालकांस भेटावे. सर्व योग्यच, परंतु शिक्षकांनी एकमेकांस भेटावे, असे त्यांत नाही. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मारास व मानसिक छळास बंदी केली, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पण छडी गेल्यावर तिच्या जागी काय ठेवावयाचे, हे शिक्षकांनी एकत्र बसून क्वचितच ठरविले. परिणामी एका तासाला जो अपराध, तोच पुढच्या तासाला विनोद! मुले चतुर असतात. नियम कोणता, हे ती शिकत नाहीत; आज पाळी कोणाची, हे शिकतात.

आम्ही काही परदेशी नवलाई मागत नाही. २ जानेवारी १८८० रोजी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तेथील आजीव सभासद हेच शिक्षक व हेच चालक होते. त्यांच्यात भांडणे झाली. इतकी, की १८९० मध्ये टिळक संस्था सोडून गेले. पण ती भांडणे आपल्या घराविषयी घरच्या माणसांनी केलेली होती. ‘माझा काय संबंध’ असे म्हणणारा भांडावयास येतच नाही. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी छात्रालयाचा भार वाहिला, तेव्हा मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरीत. कोणत्या इयत्तेचा मुलगा कोठे राहतो, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. मात्र प्रत्येक शाळेस साने गुरुजी लाभत नाहीत. म्हणून व्यवस्था हवी. जपानात कित्येक शाळांतील शिक्षक मिळून एक पाठ तयार करितात, एकजण तो शिकवितो आणि बाकीचे मागे बसून मुलांकडे पाहतात, गुरुजींकडे नव्हे.

यावर शिक्षक विचारतील, वेळ कोठे आहे? हा आक्षेप खोटा नाही. आमच्याकडील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळचे शिक्षक आसनगाव किंवा बदलापूरची गाडी गाठण्यास निघतात, तेव्हा दुपारचे जिना चढत असतात. वर्षानुवर्षे एका छताखाली नोकरी करून त्यांची ओळख नमस्कारापलीकडे जात नाही. त्यांत निवडणुकीची कामे येतात, ती वेगळीच. अशा शिक्षकांस नुसता उपदेश करणे हा आम्ही अन्याय समजतो.

सबब आमचे मागणे प्रथम संस्थाचालकांकडे आहे, आणि आमचे कित्येक वाचक स्वतःच संस्थांचे विश्वस्त अथवा देणगीदार आहेत. आठवड्यातून एक तास दोन्ही सत्रांच्या शिक्षकांस वेळापत्रकातच राखून द्यावा; तो नोकरीचा तास धरावा, उपकाराचा नव्हे. त्या तासात साऱ्या शाळेने पाळावयाचे चारच नियम ठरवावेत, आणि ते शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांनी सारखे पाळावे व पाळवावे. वाचनात अडखळणाऱ्या मुलांची यादी सर्व विषयांच्या शिक्षकांपुढे ठेवावी आणि प्रत्येकाने आपल्या विषयातून त्यांच्यासाठी काय केले, ते पुढच्या बैठकीत सांगावे. वार्षिक सभेत विश्वस्तांनी दहावीच्या निकालाबरोबर या यादीचीही विचारपूस करावी. शाळा जूनमध्ये उघडतात; वेळापत्रके त्यापूर्वीच आखली जातात. हा तास घालावयाचा, तर तो तेव्हाच घातला पाहिजे.